खाटकाच्या दुकानातली मंडळी

पिन्याल व्हेल्यो,
३ मे १९८७

प्रिय ताई,

प्रभूची शांती असो. आम्ही तिघं इथे सुखरूप पोचलो. तू, आई आणि आईचा तो चावरा पोपट, सगळे मजेत असाल असं धरून चालते. पोपट आजारी असला तर कळवू नकोस, उगाच मला वाईट वाटल्याचं सोंग करावं लागेल.

प्रवासाचं काय सांगू! पेर्नांबुकोतून निघालो तेव्हा केझिया बिनबाह्यांच्या फ्रॉकवर होती. ब्राझीलच्या या पार दक्षिण टोकाला, रिओ ग्रान्दे दो सुलला उतरलो तेव्हा पोरीच्या अंगावर बापाचे दोन सदरे, माझी शाल, आणि वर बसवाल्याने कीव येऊन दिलेलं एक पोतं. तरी दात वाजतायत, इथे मेमध्येच हिवाळा लागतो. म्हणते, "आई, इथला देव पण गारठलेला असेल का गं?" यावर जेनिवाल्दो काय म्हणाला असेल सांग. "म्हणून तर आपल्याला पाठवलंय बाळा, शेकोटी पेटवायला." माझा नवरा सहा वर्षांच्या पोरीपुढेही प्रवचन सोडत नाही.

पाळक आब्दियास आम्हाला घ्यायला आला होता. पाळक म्हणजे काय, पोरगाच आहे अजून. लग्न व्हायचंय, गिटार वाजवतो, आणि वाईट वाजवतो. आपल्या चर्चच्या मंडळीने त्याला गेल्या वर्षी इथे नवी मंडळी उभारायला धाडलं. वर्षभर खपून त्याने काय मिळवलं, तर एक भाड्याची जागा. आणि जागा कुठली? खाटकाचं जुनं दुकान! भिंतींना पांढऱ्या फरशा, मधे भलामोठा दगडी ओटा, छताला मांस टांगायचे आकडे. पुढे उपासना आणि मागच्या खोलीत आमचा संसार. रविवारी दार उघडलं की कुणीतरी डोकावतं, "बरगड्या आल्यात का?" जेनिवाल्दो सांगतो, "बरगड्या नाहीत, पण जीवनाची भाकर आहे." माणूस मान हलवतो आणि निघून जातो.

आकडे बघून आम्हाला आनंदच झाला होता, की झोपायच्या झोळ्या टांगायची आयती सोय झाली. पहिल्या रात्री कळलं की या थंडीत झोळीत झोपायचं म्हणजे पाठीखालून वारा घ्यायचा. दुसऱ्याच दिवशी जेनिवाल्दोने फळ्या ठोकून पलंग केला. सुतार नवरा करून घेतल्याचा एवढा तरी फायदा.

रविवारी खुर्च्या पुष्कळ असतात, माणसं मात्र आम्हीच. मी केझियाला घेऊन दारोदार फिरते, लोकांना बोलावते. लोक दुष्ट नाहीत गं, पण कंजूष! इथे शिमारांव म्हणून हिरव्या पानांचा एक कडू काढा पितात, भोपळ्याच्या तुंब्यातून, धातूच्या नळीने, सगळ्यांनी मिळून एकाच नळीने. आधी घरधनीण स्वतः पिते, पाहुण्यासमोर! मग एक तुंबा आपल्या हातात देते. मी बापडी रुमालाने नळी पुसून घेते, पिते, हसून धन्यवाद म्हणते. की संपलं! पुन्हा म्हणून विचारत नाहीत. आपल्याकडे पाहुण्याचा कप रिकामा दिसला तर आईला झोप लागत नाही, आणि इथे ही तऱ्हा.

निघताना तू बसस्टँडवर आली नाहीस. आई म्हणाली, तुझं डोकं दुखत होतं. दुखत असेल.

जेनिवाल्दोवर चिडू नकोस, ताई. मंडळीने विचारलं, तो हो म्हणाला, आणि बायको म्हणजे काय, सामानातलं आणखी एक गाठोडं. इथली घडी बसली की आम्ही परत. नाताळाच्या बाजारात टापिओकाची घावनं उलटायला मी तुझ्या शेजारी उभी असेन. माझा तवा कुणाला देऊ नकोस.

आईला सलाम.

तुझी,
गारठलेली मारिनाल्वा

*

पिन्याल व्हेल्यो,
१९ जुलै १९८७

प्रिय ताई,

प्रभूची शांती. तुझं पत्र आणि गुळाची ढेप मिळाली. पत्र चार ओळींचं आणि ढेप ही एवढी! तुझा राग किती आणि माया किती ते मी बरोबर ओळखलं.

आता तुझी धाकटी किती मूर्ख आहे ते ऐक. बसून वाच, उभ्याने वाचलंस तर पडशील.

मागच्या सोमवारी आमचा नळ गोठला. बाहेर गवतावर पांढरं पसरलेलं, केझिया ते खाऊन बघतेय, जेनिवाल्दो नळाला फडकी गुंडाळतोय आणि मी कपाळाला हात लावून बसलेय. तेवढ्यात समोरची ओतिलियाबाई, जिला सगळे मानाने दोना ओतिलिया म्हणतात, ती गरम पाण्याची किटली घेऊन आली. ही ऐंशीच्या घरातली म्हातारी. तिचे आजोबा जर्मनीतून आले होते आणि तिच्याशिवाय या गल्लीतलं पान हलत नाही. इतके महिने तिने आमचा उंबरा ओलांडला नव्हता. मी म्हटलं, आता हिची अशी सरबराई करते की बघत राहील. तुंबा मी विकत आणलेलाच होता. पानं भरली, पाणी ओतलं, आणि पहिला तुंबा अगदी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

तिने एक घोट घेतला. तिचं तोंड बघायला तू हवी होतीस.

"बाई गं, मला मारायला बसवलंस का?"

"का? काय झालं?"

"पहिला तुंबा करणारीने प्यायचा असतो! गार, कडूजहर, सगळा भुगा नळीत. पाहुण्याला कुणी देतं का तो?"

मी म्हटलं, "दोना ओतिलिया, आमच्याकडे पाहुण्याआधी तोंड लावलं तर आई झाडू घेऊन मागे लागेल."

तिने तुंबा खाली ठेवला. "म्हणजे मी माझ्या घरात आधी प्याले तेव्हा तुला काय वाटलं?"

"वाटलं, काय उद्धट बाई आहे."

"आणि माझी नळी रुमालाने पुसलीस ती?"

"स्वच्छता म्हणून!"

"स्वच्छता म्हणे! अगं, त्या नळीने माझा नवरा प्यायला, माझी सासू प्यायली. सगळ्या गल्लीत झालंय, ती उत्तरेकडची भक्तीण आपली तोंडं घाण समजते. वर एक तुंबा पिऊन धन्यवाद! धन्यवाद म्हटलं की झालं, पुरे, आता नको. आम्ही म्हटलं, नको तर नको बाई, तुझ्यावर जबरदस्ती थोडीच आहे?"

म्हणजे बघ, ताई! इतके महिने आम्ही त्यांना चिक्कू समजत होतो आणि ते आम्हाला शिष्ट. आब्दियास उपास करून देवाला विचारतोय की या लोकांची मनं कठीण का, आणि कारण काय, तर माझा रुमाल! आम्ही दोघी इतक्या हसलो की जेनिवाल्दो नळ सोडून धावत आला.

मग म्हातारीने माझा हात धरला आणि पुन्हा घरोघर फिरवलं. तिचा हुकूम एकच, "नळी पुसायची नाही, ढवळायची नाही, आणि तोंडातून आभार काढायचे नाहीत. गप प्यायचं." मी प्याले. एका घरी प्याले, दुसऱ्या घरी प्याले, पितच गेले. शेवटच्या घरी गेल्या गेल्या मी सुवार्तेचं नाव काढलं नाही, आधी संडास विचारला. त्या घरातली माणसं पहिल्यांदा माझ्याशी मोकळं हसली.

जेनिवाल्दोचे मात्र हाल आहेत. त्याला श्वास घेतला की आभार मानायची सवय. एक तुंबा मिळतो, हा "धन्यवाद, देव भलं करो" म्हणतो, आणि तुंबा पुढे जातो. बिचारा सगळीकडून तहानलेला परत येतो.

रविवारी उपासनेला दोना ओतिलिया आली, थर्मास आणि तुंबा घेऊन, मागे अर्धी गल्ली. प्रवचन चालू आणि तुंबा हातोहात फिरतोय. आब्दियास घाबरला. "उपासनेत पिता?" म्हातारी म्हणाली, "तू बोल बाळ. आम्ही ऐकतो कानांनी आणि पितो तोंडाने, आड येत नाही." फिरत फिरत तुंबा त्याच्याच हातात आला. आता त्याला सुचेना, म्हणून डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली, "हे प्रभू, आम्ही तुझे आभार मानतो." झालं! म्हातारीने उठून त्याच्या हातातला तुंबा काढून घेतला. खाटकाच्या त्या दुकानात एवढा हशा कधी पिकला नसेल. एक माणूस बरगड्या विचारायला आला होता, तो बसूनच राहिला.

तू विचारलंस, परतीची तिकिटं कधी काढताय. ते सगळं जेनिवाल्दोच्या हातात. सध्या तो बाकं करण्यात बुडालाय आणि बाकांना वेळ लागतो. विचारून कळवते.

तुझी,
काढा पिऊन फुगलेली मारिनाल्वा

*

पिन्याल व्हेल्यो,
८ नोव्हेंबर १९८७

प्रिय ताई,

प्रभूची शांती असो. आधी खुशाली. केझियाचे पुढचे दोन दात पडले, आणि आता ती इथल्या लोकांसारखं बोलते. परवा मला म्हणाली, "आई, तू किती उत्तरेकडचं बोलतेस गं!" आब्दियासचं बेकरीवाल्याच्या मुलीशी जमलंय. गिटार अजून तशीच वाजवतो, पण ती ऐकते, म्हणजे प्रेमच असणार. मंडळी दुकानात मावत नाही. उशिरा येणारे ओट्यावर बसतात, जिथे पूर्वी डुकरं कापायचे. दोना ओतिलिया डिसेंबरात नदीत बाप्तिस्मा घेणार आहे. पाणी आधी थोडं कोमट करता येईल का, असं तिने पाळकाला विचारलंय.

तू लिहिलंस, नवा तवा घेतला, माझ्या बाजूला, माझ्या उंचीचा ओटाही करून घेतला. ते वाचून मी मागच्या खोलीत जाऊन रडले. का रडले ते सांगायला हे पत्र घेऊन बसले, आणि बघ, दात आणि गिटार यांच्यातच एवढी शाई गेली.

जेनिवाल्दो मागच्या आठवड्यात बसस्टँडवर जाऊन चौकशी करून आला. म्हणाला, "नाताळाच्या आधीची बस मिळतेय. आपलं काम झालं. बाकं झाली, माणसं आली, आता आब्दियास सांभाळेल. उशीर केला तर तुझी ताई माझा जीव घेईल."

मी घावनं करत होते. म्हटलं, "मला नाही जायचं."

"या बसने नाही?"

"कुठल्याच नाही."

तो खुर्ची न बघता बसला, नशीब खुर्ची होती. "मग मी त्यांना काय तोंड दाखवू?"

"तुझं तोंड कशाला? मी सांगते ताईला."

तर हे सांगतेय. दोन्ही पत्रांत मी सगळं त्याच्यावर ढकललं आणि तू माझं खरं मानलंस. तो यायला तयार आहे, ताई. त्याला आपला उकाडा हवाय, आईच्या हातची कॉफी हवीय, आणि आभार मानल्यावर पुन्हा कप भरणारी माणसं हवीत. राहायचं मला आहे.

तुझ्याजवळ मला काय कमी होतं? काहीच नाही. पीठ तू भिजवायचीस, गिऱ्हाइकाशी तू बोलायचीस, कुणी उधार मागितलं तर नाही म्हणायला तू. मी घावनं उलटायची. मंडळीतही तसंच, गीत कुठलं म्हणायचं ते तू ठरवायचीस आणि मी तुझ्या आवाजाखाली माझा आवाज लावायची. मला त्यात सुख होतं. खोटं नाही सांगत.

इथे बुधवारी बायका जमतात. एकदा बेकरीवाली उठली आणि म्हणाली, "माझा थोरला माझ्याशी बोलत नाही. मी काय करू? तुम्ही सांगा." मी मागे वळून बघितलं. खरंच बघितलं गं, तू उभी असशील म्हणून. मागे नुसती फरशांची भिंत. सगळ्या बायका माझ्याकडे बघतायत. मग मी सांगितलं, की त्याच्या आवडीचं कर आणि ताटावर बसल्यावर काही विचारू नकोस. एवढंच सुचलं. पुढच्या बुधवारी ती सांगत आली की पोरगा जेवून गेला, वर म्हणाला, परत येतो. ताई, त्या दिवशी मला इतका आनंद झाला की माझीच मला लाज वाटली. दोन दिवस लाज वाटली, पण आनंद काही कमी झाला नाही.

जेनिवाल्दो म्हणाला, "देवाने इथे राहायला सांगितलंय असं लिही, म्हणजे ताई भांडणार नाही." लिहिता आलं असतं. देवापुढे तू गप्पच बसली असतीस. पण तुझं तोंड असं बंद करायचं माझ्या जिवावर आलं. देवाच्या मनात काय आहे ते देव बघून घेईल. तुला मी माझ्या मनातलं सांगतेय.

तव्यापाशी मावशीच्या रोझिल्डाला उभी कर. बडबडी आहे, पण तुला शेजारी बडबड लागतेच, आणि तिला उलटता येतात. ओटा तिला उंच पडेल, पायाखाली पाट दे. मी जूनमध्ये येईन, मक्याच्या दिवसांत, केझियाला घेऊन, महिनाभर पाहुणी. पाहुणी हा शब्द एकदा खोडला आणि पुन्हा लिहिला.

आईला हे पत्र पूर्ण वाचून दाखव, काही गाळू नकोस. आणि तुला रडू आलं तर रड, शिव्या द्याव्याशा वाटल्या तर दे. फक्त आता जेनिवाल्दोला नको. त्याने इतके महिने माझ्या वाट्याच्या शिव्या खाल्ल्या. यापुढच्या सगळ्या माझ्या नावाने पाठव. चार ओळींचं पत्र आलं तरी मला पुरेल, पण पत्र पाठव, ताई.

आपल्या मर्जीने लांब राहिलेली,
तुझी मारिनाल्वा