नागम्माच्या डबीचं झाकण

४ फेब्रुवारी १९७४

परत खल! चार महिने झाले, निळी काच कुटतोय, धुतोय, परत कुटतोय. करकंबात मिरच्या कुटल्या असत्या तर आईनं निदान भाकरी तरी गरम दिली असती. मालक शिवलिंगप्पा म्हणतात, "पाणी नितळ दिसंपर्यंत धुवायचं." पाणी कधीचं नितळ आहे. मालकांना बोलायला काहीतरी लागतं.

चांदीच्या दागिन्यावर रंगीत काच वितळवायची— झाला मीना. एवढंसं काम न् त्याचा केवढा तोरा!

७ फेब्रुवारी

जुना जिन्नस दुरुस्तीला आला की मालक तासभर सुरीनं खरवडत बसतात. सांधा न् सांधा! आज म्हणालो, "मालक, भट्टी निवाय लागली." तर म्हणे, "निवू दे की. चांदी तुझ्या बापाची हाय का?"

न्हाई. तुमच्या तरी बापाची कुठं आहे?

भित्रा म्हातारा. असल्याला शुक्रवार पेठेत कारागीर म्हणतात.

११ फेब्रुवारी

भट्टीचं विचारलं. "फुडच्या वर्षी बघू." या माणसाकडनं भट्टी शिकायची म्हणून मी इतक्या लांब येऊन पडलोय. दुसरं कुठलं दुकान चौथी नापासाला घेतंय? इथनं सुटलो की परत उसाच्या फडात. हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर मिजास.

१४ फेब्रुवारी

मालक भाचीच्या लग्नाला अक्कलकोटला. "गिऱ्हाईक आलं तर जिन्नस ठेवून घे. भट्टीला हात लावायचा न्हाई." बरं.

दहाला नागम्मा आली, मागच्या गल्लीतली म्हातारी. गळ्यातलं लिंग ठेवायची चांदीची डबी घेऊन. झाकणावरचा निळा मीना उडालाय, शिवरात्रीच्या आत भरून पाहिजे. लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं न् बाकड्यावर बसली. डबी मिळेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही!

"अज्जी, फडक्यात बांधा की. मालक उद्या येणार."

"माझ्या सासूनं कधी फडक्यात बांधलं न्हाई. बसते उद्यापर्यंत."

घ्या! आता हिच्याकडं बघत बसा.

एक झाकण, एक रंग. मालकांना दोन दिवस लागले असते. मी म्हणालो, "दुपारपर्यंत देतो."

खरवडलं-बिरवडलं नाही. रंग भरला, वाळवला, झाकण भट्टीत सारलं. निळा चमकायला लागला— काय निळा! आणि बघता बघता कडेची चांदी काळी पडली, खचली. बाहेर काढलं तर चिंचोक्याएवढं भोक.

तिथं पूर्वी कुणीतरी कथलानं सांधलं होतं. कथील भट्टीत गेलं की चांदी खातं. मालकांनी शंभरदा सांगितलंय. खरवडलं असतं तर दिसलं असतं.

झाकण निवल्यावर नागम्मानं भोकात बोट घालून बघितलं. "तम्मा, हे काय रे केलंस?"

तोंडाला आलं ते बोललो— "मी काय करू अज्जी? मालकांनीच मागं कथील लावलं होतं. लबाडी त्यांची."

साफ खोटं. जीभसुद्धा अडखळली नाही.

तिनं लिंग पदरात बांधलं. उपाशी होती, उठताना भिंत धरली.

१५ फेब्रुवारी

मालक आले. डबीचं सांगितलं नाही, खल ओढून कुटत बसलो.

१६ फेब्रुवारी

मी न सांगून काय होतंय? नागम्माची सून सुंदरम्मा रस्त्यातनंच ओरडली, "देवाच्या डबीला कथील लावलं व्हय वो शिवलिंगप्पा? आन् वर कपाळाला भस्म लावून बसताय!" सगळी गल्ली बाहेर. दोघांनी दुरुस्तीला दिलेले जिन्नस परत नेले.

मालक माझ्याकडं बघत राहिले. आता हाकलणार. कापडं पिशवीत भरून ठेवलीत. हाकला की! कोण राहतंय असल्या दुकानात?

१७ फेब्रुवारी

हाकललं नाही. दिवसभर सुरी घेऊन खरवडत बसले. एक शिवीसुद्धा देता येईना या माणसाला. मी असतो तर कानफटात दिली असती.

१८ फेब्रुवारी

सकाळी मालकांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं रं? एकवीस वर्सं झाली त्याला. चांदीनं सांधायचं तर आचेत मीना गेला असता, परत करावा लागला असता. कंटाळा केला, कथील लावलं. तवापास्नं हातात येईल तो सांधा खरवडतोय. ही डबी तेवढी परत आली नव्हती."

टोपी घातली. नागम्माच्या दारात जाऊन कबूल करतो म्हणाले. पायरीवर थांबून म्हणाले, "खरं बोललास. बरं केलंस, पोरा."

मी मान डोलावली.