उजव्या बुटाची टाच

दि. ३ मार्च
तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

मी मजेत आहे. तोफा आठवडाभर गप्प आहेत. लढाई संपल्यातच जमा आहे, असं आमचे साहेबही म्हणतात. आचारी हल्ली आठवणीने मीठ घालतो, म्हणजे आपण जगणार याची त्यालाही खात्री पटलेली दिसते.

लंबूच्या हाती बूट पाठवतोय. हा आमचा ट्रक-ड्रायव्हर. दारातून वाकून आत येईल, घाबरू नका. बुटांचे तळ बदलून द्या. इथला मोची तयार होता, पण बाबांनी केलेल्या बुटाला परक्याचा खिळा लावू देणं जिवावर आलं.

आणखी एक. सुटका झाली तरी लगेच घरी येणं जमेलसं नाही. इथल्या भांडारात नोकरी मिळतेय, ती वर्ष-दोन वर्षं करावी म्हणतो. आई, रुसू नकोस.

लोभ आहेच, थोडा रागही चालेल.
तुमचा टिल्लू

दि. ११ मार्च
चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद.

लंबू आला, चौकटीवर डोकं आपटलं आणि वर चौकटीचीच माफी मागितली. पोरगा गुणाचा आहे. जेवायला बसला तर तुझी आई वाढून वाढून दमली.

हे पत्र दुकानात बसून, तिला न सांगता लिहितोय. गाढवा, बूट कोणाकडे पाठवतोयस याचा विचार तरी केलास? डाव्याची टाच पार झिजलीय आणि उजव्याचं टोक घासून पातळ झालंय. म्हणजे सगळा भार डाव्यावर टाकून तू उजवा पाय ओढत चालतोस. लंबूला कोपऱ्यात घेऊन विचारलं, तर ट्रकला उशीर होतोय म्हणत तो सटकला. आणि म्हणे भांडारात नोकरी! मी घाबरलोय रे. खरं काय ते दुकानाच्या पत्त्यावर कळव.

तुझा, बाबा

दि. २० मार्च
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्यापुढे काय लपणार! हिवाळ्यात उजव्या घोट्यात लोखंडाचा तुकडा घुसला. तुमचा हा जोड तेव्हा पेटीत नवाकोरा होता. डॉक्टरांनी तो काढला, जखम भरली, पण घोटा वळत नाही आणि पुढेही वळणार नाही. आता दुखत नाही, खरंच. काठीशिवाय चालतो.

फक्त आईसमोर चालायचा धीर होत नाही. निघालो त्या दिवशी ती दारात उभी राहून मला कोपऱ्यापर्यंत चालत जाताना बघत होती. ते चालणं मला परत आणता येणार नाही, म्हणून हे भांडाराचं निमित्त. तिला यातलं काही कळू देऊ नका, एवढं माझ्यासाठी करा.

तुमचा टिल्लू

दि. २९ मार्च
चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद.

बाबांच्या नकळत लिहितेय. ते सध्या मोठ्या गुपिताचे मालक झालेत. जेवताना उगाच हवापाण्याच्या गप्पा काढतात आणि मी दुकानात गेले की उजवा बूट एप्रनखाली सारतात. त्याची टाच उंच केलीय, आत मऊ गादी बसवलीय. मनासारखं होईना म्हणून उसवून पुन्हा केलं.

बाळा, या दुकानात तळ ते ठोकतात, पण वरचं चामडं मी शिवते, हे तुम्ही बापलेक कसे विसरलात? लंबूची पिशवी आधी मीच उघडली. डाव्या बुटावर बोटांपाशी खोल सुरकुत्या आणि उजवा नव्यासारखा गुळगुळीत. पाय वळत नाही, हे मला तिथेच कळलं. आत जाऊन रडले, मग लंबूला वाढलं.

नोकरीची थाप मला मारू नकोस. लंगडत ये, रांगत ये, पण घरी ये. मला कळलंय हे बाबांना मात्र सांगू नकोस. माझ्यापासून दुःख लपवण्यात त्यांचं स्वतःचं दुःख जरा हलकं होतंय.

वाट बघणारी,
तुझी आई

दि. ७ एप्रिल
तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

लढाई काल संपली. सगळे नाचले, मीसुद्धा, एका पायावर जास्त. भांडाराला नकार कळवलाय.

तुम्हा दोघांना गुपचूप वेगवेगळी पत्रं लिहायला बसलो होतो, पण कोणापासून काय लपवायचं यात माझाच गोंधळ उडाला. म्हणून एकच लिहितो. बाबा, आईला सगळं माहीत आहे, तुमच्याही आधीपासून. आई, तुझं गुपित मी फोडलं, काय मारायचं ते आल्यावर मार. आता तो बूट एप्रनखालून बाहेर काढा.

शनिवारी लंबूच्या ट्रकने येतोय. त्याला कोपऱ्यावरच थांबायला सांगितलंय. तिथून पुढे मी चालत येईन. आई, दारात उभी राहा.

तुमचा टिल्लू