कासामायू घराचे नाव

मी, मार्सेलीन कासामायू, कै. गास्तों कासामायू यांची पत्नी, माहेरची लाप्लास, वय एक्क्याऐंशी, राहणार ओलेस, आस्प खोरे, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणी मला दटावलेले नाही. दटावणाऱ्याची मोटार सप्टेंबरातच अंगणातून परत फिरली. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती काळजीत लिहिली होती, हे तसे नाही.

कलम पहिले. मला मूल नाही. गास्तोंने जाताना माझा हात धरून सांगितले होते, "नाव या घरातून जाऊ देऊ नकोस." हे नाव लावणारा एकच उरला होता, त्याचा पुतण्या सेर्ज. तो पो शहरात राहतो. जत्रेत विकत घेतलेले घराण्याचे चिन्ह त्याने बैठकीत टांगले आहे. त्यावर सिंह आहे. आमच्या खोऱ्यात अस्वलापलीकडे कोणी काही पाहिलेले नाही. घर हाती आले की तो ते बोर्दोच्या एका दंतवैद्याला सुट्टीसाठी विकणार, हे त्यानेच मला सांगितले. म्हणजे त्याला दिले तर घर जाणार, न दिले तर नाव जाणार. या कात्रीत मी सहा वर्षे अडकले होते.

कलम दुसरे, इल्दा फेराझविषयी. ती पोर्तुगालहून मेंढ्या राखायला आली आणि राहिली. मेंढ्या, चीजचे तळघर आणि शेवटी मी, सगळे तिच्याच अंगावर पडले. सेर्ज तिच्यादेखत म्हणाला होता, "काकू, कामाला ठेवलंय ठीक आहे. आडनाव रक्तातून येतं, मेंढ्यांमागून नाही." तेव्हापासून तिची बॅग दारामागे भरून ठेवलेली आहे. मी डोळे मिटले की निघायचे, असे तिने धरले आहे.

कलम तिसरे, सप्टेंबरात काय झाले. अर्जेंटिनाहून एर्नेस्तो कासामायू नावाचे गृहस्थ मूळ घर बघायला महिनाभरासाठी आले. सेर्ज त्यांना मोठ्या दिमाखात घेऊन आला. मी कोबी-घेवड्याचे सार केले होते, बदकाची तंगडी घालून. आमचा पहिला शेजारी ओगुस्त लाब्रीही बसला होता. आमच्याकडे पहिला शेजारी लग्नात जेवायला बसतो आणि मयतात पुढे क्रूस धरतो.

"बघा काकू, दीडशे वर्षांनी रक्त एकत्र आलं," सेर्ज म्हणाला.

"तसं नाही हो," एर्नेस्तो संकोचून म्हणाले. "आमचे पणजोबा इथं मेंढ्या राखायचे. बोटीवर चढताना नाव विचारलं, तर ज्या घराची भाकरी खाल्ली त्याचं सांगितलं. सगळे त्यांना त्याच नावानं हाक मारायचे ना."

सेर्जचा चमचा वाडग्यातच राहिला. "म्हणजे तुम्ही खरे कासामायू नाहीच."

ओगुस्तने मिशा पुसल्या. "आणि तू रे? राजाच्या काळात या घराची वारस थोरली मुलगी होती. तिला आमच्याकडचा धाकटा घरजावई दिला. उंबरा ओलांडला आणि तो कासामायू झाला. रक्तच काढायचं तर तू आमचा लाब्री निघतोस. ये की कधी गवत कापायला."

"गावगप्पा आहेत या."

"तुझे आजोबाच दर लग्नात सांगायचे. तू शहरात, तुला कुठलं ठाऊक."

ही गोष्ट मीही किती लग्नांत ऐकून हसले होते. त्या दिवशी ती डोक्यात शिरली. नाव रक्तातून कधी आलेच नव्हते. या चुलीपाशी जो राहिला त्याला ते मिळाले, आणि जो गेला त्याच्याबरोबर समुद्रापलीकडे गेले. बाजारात तर लोक कधीपासून "कासामायूची इल्दा आली" असेच म्हणतात. माझा जीव भांड्यात पडला. सेर्जची मोटार अंगणातून बाहेर पडली तेव्हा सार मी दुसऱ्यांदा वाढून घेत होते.

कलम चौथे. घर, गोठा, कळप, तळघर, मधमाश्यांच्या पेट्या, सगळे इल्दाला. नात्याबाहेरच्याला सरकार जबर कर लावते. त्यासाठी ओढ्यापलीकडचे कुरण विकावे. घर विकू नये.

कलम पाचवे. एर्नेस्तोंना कळपातली सर्वांत जुनी घंटा. ती त्यांच्या पणजोबांनी ऐकलेली असणार. सेर्जला गवत कापायचा विळा, कारण ओगुस्तचे आमंत्रण अजून उभे आहे.

कलम सहावे. सेर्जची आई, म्हणजे माझी जाऊ, स्वतः बाहेरून आलेली असून जन्मभर मला बाहेरची म्हणत आली. तिला मी माफ केले आहे. मात्र माझ्या मयताच्या जेवणात तिला बदकाची तंगडी वाढू नये.

कलम सातवे. मी गेल्यावर रिवाजाप्रमाणे ओगुस्तने पेट्यांवर टकटक करून मधमाश्यांना सांगावे की जुनी मालकीण गेली. नव्या मालकिणीचे नाव इल्दा कासामायू असे सांगावे. कागदावर ती फेराझ राहिली तरी माझी हरकत नाही.

अशा मृत्युपत्राला कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात.

साक्षीदार: ओगुस्त लाब्री, पहिला शेजारी (सही)
साक्षीदार: एर्नेस्तो कासामायू, तांदील, अर्जेंटिना (सही)
ओलेस, ३ ऑक्टोबर २००९
मार्सेलीन कासामायू (सही)

ताजा कलम: ओगुस्तच्या पोटात काही राहत नाही. आत्ता दार लावायला उठले, तर मागे बॅग नव्हती. इल्दाचे कपडे वरच्या कपाटात, गास्तोंच्या कोटाशेजारी लावलेले आहेत. हेही मृत्युपत्राचाच भाग समजावे.
मा. का.