काचेपलीकडचे हात

१४ मार्च, दुपार

छकुले,

तुला आशीर्वाद, बाळाला पापा. माझं बरं आहे. खोकला गेला, स्वयंपाकघरातला नळ मात्र अजून गळतोच.

कामावर सध्या अणुभट्टीत वापरून झालेल्या धातूच्या इंधनातून युरेनियम परत मिळवतोय. कांड्यांचे तुकडे टोपलीत भरून वितळलेल्या मिठात बुडवायचे आणि वीज सोडायची. युरेनियम विरघळून पलीकडच्या सळईवर जमतं, कचरा बराचसा मिठातच राहतो. सळई वर काढली की तिच्यावर चकाकती झुडपं उगवलेली असतात. मी बघतच राहते. साहेब म्हणतात, "बाई, जाग्या आहात ना?"

हे सगळं भल्याथोरल्या जाड, पिवळसर काचेआड. आत मी कधीच जात नाही. यंत्राचे हात माझ्या हातांची नक्कल करतात. त्या काचेतून वस्तू आहे त्यापेक्षा जवळ दिसते, म्हणून नवीन माणूस हमखास अलीकडेच चिमटा मिटतो. माझी सोळा वर्षं झाली. मी चुकत नाही.

त्या दिवशी तू बाळाला माझ्यापुढे धरलंस आणि मी सर्दीचं सांगून दारातूनच परतले. सर्दी नव्हती गं. तुझ्या इमारतीच्या खालच्या नळावर चार वेळा हात धुऊन वर आले होते. रोज सुटताना यंत्र माझ्या हातांवर किरणोत्सर्ग आहे का ते तपासतं आणि रोज स्वच्छ म्हणतं. दुसरं कुणी असं घाबरलं असतं तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं. तुला कडेवर घेऊन घेऊन माझी कंबर वाकडी झाली, तेव्हा कधी भीती वाटली नाही. पण ते इवलंसं डोकं पाहिलं आणि हात उचलेनात. तेव्हापासून पाच महिने स्वप्नात मी त्याला यंत्राच्या हातांनी उचलतेय. तो हसतो, पण मला ऐकू येत नाही.

परवा तुझा निरोप आला, "ताई, त्याला मावशी नाही असंच सांगेन." मला वाटायचं, धाकटी आहे, जवळच आहे, कधीही जाता येईल. अलीकडेच चिमटा मिटला मी.

रविवारी सकाळी येतेय. दार उघडलंस तर काही विचारू नकोस. त्याला सरळ माझ्या हातात दे आणि तू आत जा. बघत उभी राहिलीस तर मला जमायचं नाही.

तू म्हणशील तर,
त्याची मावशी