सुयांचा गुण

गुरुवार, संध्याकाळ

आज डहाणूला अ‍ॅक्युपंक्चरच्या डॉक्टरांनी गळ्यातल्या सुया काढल्यावर ह्यांनी चमचाभर घट्ट पेज गिळली. ठसका लागला नाही. डॉक्टर म्हणाले, "काकी, आता घरीही रोज दोन चमचे भरवा." अर्धांगवायू झाल्यापासून हे नाकातल्या नळीवरच आहेत. वाचाही गेली.

मला आनंद का नाही झाला?

चिखल्याला घरी आले, बोंबील तळले आणि ह्यांच्या खाटेसमोर बसून जेवले. पेज केलीच नाही. लग्नानंतर ह्यांच्या आधी मी कधी जेवले नव्हते. मीठ कमी पडलं की ताट माझ्या अंगावर यायचं. नळी लागल्यापासून मी रोज आधी जेवते, तेही समोर बसून. बोंबलाचा वास आला की ह्यांचे डोळे भरतात. मी बघत राहते. वाईट आहे का मी? असेन.

मग मुलीचा फोन आला. "आई, सुयांनी काही गुण आला का?"

"कसला गुण? नुसत्या खेपा. आता बंदच करू."

फोन ठेवला तर हे माझ्याकडेच बघत होते. कान शाबूत आहेत त्यांचे. बघता बघता त्यांनी आवंढा गिळला, अगदी नीट. ठसका लागला नाही.