वजाबाकीत उरलेला आवाज

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! टॅक्सीवाल्याने तीनदा गल्ली चुकवली आणि तिन्ही वेळा खापर माझ्या पत्त्यावर फोडलं. पण घर पाहताक्षणी आवडलं. दुमजली, गल्लीच्या अगदी टोकाला, मागे टायर दुरुस्तीचं दुकान. वरची खोली माझी. तिला मोठी खिडकी आहे आणि कपाटाचं दार चक्क नीट लागतं. खाली बैठकीच्या खोलीत मास्तरांचं काम चालतं. मास्तर म्हणजे माझे नवे मालक. चाळीस वर्षं स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं, आता सगळं घरीच करतात. त्यांची थोरली बहीण, अक्का, घर सांभाळतात. अक्कांना जेमतेम ऐकू येतं. मी हसू दाबत होते, तर त्या स्वतःच म्हणाल्या की म्हणून तर भावाशी इतकी वर्षं पटलं.

मास्तर म्हणाले, तुझा आवाज आम्ही रोज ऐकतो. खरंच आहे. फोन लावला की ‘आपण रांगेत आहात, कृपया थांबा’ असं सांगणारी ती मीच. सहा वर्षं घरोघरच्या शिव्या खाल्ल्या. त्या मानाने इथे नुसती वाक्यं वाचायची आहेत, तीही तीनच आठवडे.

वहिनीचे दिवस भरत आलेत. दादाला शब्द दिलाय, बावीस तारखेला काहीही झालं तरी मी घरी.

४ तारीख, मंगळवार

काम समजलं. मास्तरांकडे एक जुना मायक्रोफोन आहे, तांब्याएवढा जाड, मोठ्या स्टुडिओतला. त्याला ते ‘थोरला’ म्हणतात. थोरल्याच्या आतला पडदा झिजत चाललाय आणि त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. दुसरा मायक्रोफोन नवा, किडकिडीत. तो स्वतःचं काहीच सांगत नाही. आवाज जसा आहे तसा कोरा घेतो, मग संगणक त्यावर हव्या त्या जुन्या मायक्रोफोनचं सोंग चढवतो. म्हणून त्याचं नाव ‘बहुरूपी’. ज्या कंपनीने तो बनवलाय तिला थोरल्याचं सोंग हवंय, म्हणजे आवाज घुमू नये म्हणून घरच्या कपाटात बसून गाणाऱ्यालाही थोरल्याचा आवाज मिळेल. जुने लोक म्हणतात, नक्कल ती नक्कल. मास्तरांचं म्हणणं, मोजून बघू.

मोजायची रीत मजेशीर आहे. दोन्ही मायक्रोफोन शेजारी शेजारी ठेवायचे, मी एकदाच वाचायचं. मग एकातला आवाज दुसऱ्यातून वजा करायचा. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर उत्तर शून्य, म्हणजे नुसती शांतता. जेवढा फरक असेल तेवढाच उरतो आणि कानावर येतो. मग मास्तर सोंगात दुरुस्ती करतात आणि मी पुन्हा वाचते. माझ्या आधी एक मुलगी होती. तिच्या आवाजावर उत्तर शून्य आलं होतं म्हणे. पण एका आवाजावर जमलं म्हणजे जमलं असं होत नाही. दुसरा आवाज हवा, म्हणून मी.

वाचायचं पेटीत बसून. पेटी म्हणजे बैठकीच्या खोलीतच उभारलेली, चारही बाजूंनी गाद्या ठोकलेली बंद खोली. आत एक स्टूल आणि समोर हातभर काच. दाराला आतून कडी नाही, कारण तिथे भोक पाडलं की बाहेरचा आवाज शिरतो. वाचून झालं की मायक्रोफोनमध्ये ‘झालं’ म्हणायचं. मास्तर कानांवरच्या हेडफोनमध्ये ते ऐकतात आणि बाहेरून खटका ओढतात. फोन आत न्यायचा नाही, त्याची कुरकुर आवाजात येते. वही-पेन्सिल चालते.

५ तारीख, बुधवार

यादीत शंभर वाक्यं आहेत. ‘शिडी भिंतीला टेकवून ठेव.’ ‘धोब्याने चादरी परत आणल्या नाहीत.’ कोणी लिहिलीत कोण जाणे, पण धोब्याची मला खरंच काळजी वाटायला लागलीय. वाचण्याआधी एक मिनिट गप्प बसायचं, खोलीची शांतता भरून घ्यायला. हलायचं नाही, आवंढाही गिळायचा नाही. नेमकं तेव्हाच माझं नाक खाजतं.

यादीवर आधीच्या मुलीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, श्वास कुठे घ्यायचा त्याच्या. ती फार लवकर श्वास घेते, भित्र्या माणसासारखी. मी माझ्या जागी घेते.

आजच्या वजाबाकीत नुसती खरखर आली. मास्तर खूष.

७ तारीख, शुक्रवार

वजाबाकीची खरखर आता निम्म्यावर आलीय. गंमत म्हणून मास्तरांनी मला पाठमोरी बसवून दोन्ही आवाज ऐकवले. थोरला कोणता आणि बहुरूपी कोणता, दहापैकी पाच वेळा मी चुकले, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी हेच झालं असतं. घरी बसून काम करणाऱ्याला बहुरूपी पुरेल, असं माझं मत मी जाहीर करून टाकलं. स्वतःच्याच आवाजाची नक्कल मला ओळखता येईना, याची दुपारभर चुटपुट लागली खरी.

मग मी एक शहाणपणा केला. मास्तर आधी सगळं ऐकून मग वजाबाकी करतात, त्यात तास जातो. मी सुचवलं की हेडफोनमध्ये थेट वजाबाकीच घ्या, चूक तिथल्या तिथे कळेल. त्यांना ते इतकं पटलं की त्यांनी लगेच वायर बदलली.

१० तारीख, सोमवार

आज अक्कांना चाचणीला बसवलं. ऐकू येत नाही म्हणून त्यांनी स्पीकरवर तळहात ठेवला आणि दहाही वेळा थोरला बरोबर ओळखला. मी विचारलं, कसं काय बुवा? त्या सहज म्हणाल्या, “सोपं आहे की. बहुरूप्यात एकच बाई वाचते. थोरल्यात दोघी.”

मास्तर हसले. मीही हसले.

१२ तारीख, बुधवार

वजाबाकी मी स्वतः ऐकली. खरखर जवळजवळ गेलीय. तिच्या खाली श्वास आहे. श्वासात घाबरण्यासारखं काही नाही, मी माणूस आहे, श्वास घेणारच. पण ‘शिडी भिंतीला’ च्या आधी मी श्वास घेत नाही. तिथे पेन्सिलीची खूण आहे.

शंभरच्या शंभर तपासले. सगळे श्वास खुणांवर.

मास्तरांना दाखवलं. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, थोरल्याच्या पडद्याची सवय असेल. इतके दिवस एकच मुलगी त्यात बोलली की पडदा तसा वळतो. बहुरूप्यालाही तेच शिकवू, म्हणजे फरक मिटेल. त्यांना ही भीतीची गोष्ट वाटली नाही, राहून गेलेली दुरुस्ती वाटली.

१४ तारीख, शुक्रवार

कोपऱ्यावरच्या दुकानात साबण मागितला. दुकानदाराने मान वर केली नाही. तीनदा मागितला. शेवटी बोटाने दाखवला. वाटलं, असतो एकेक तुसडा.

संध्याकाळी दादाचा फोन आला. मी बोलत होते आणि तो हॅलो हॅलो करत होता. मला त्याचं सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरांनी बावीसच सांगितलीय, वहिनी मजेत आहे, आणि तू बोलत का नाहीस. मी फोनमध्ये ओरडले. तो म्हणाला की लांबून काहीतरी येतंय, वारा असेल, उद्या करतो.

आज वजाबाकी फार कमी आली होती. मास्तरांनी वहीत लिहिलं: उत्तम.

१५ तारीख, शनिवार

जिन्याखालच्या खणात छत्री शोधत होते. तिथे बायकी चपला सापडल्या, निळ्या पट्ट्यांच्या, धूळ बसलेल्या. अक्कांनी सांगितलं, आधीच्या मुलीच्या. काम अर्धवट टाकून न सांगता गेली, इतकी घाईत की चपलाही विसरली. मला विचारायचं होतं की अनवाणी कोण जातं. विचारलंही. पण अक्कांना नाही तरी ऐकू येत नाही.

काम अर्धवट कसं? शून्य तर आलं होतं ना?

१७ तारीख, सोमवार

मास्तरांना मी पेटीत असताना म्हटलं, आज लवकर थांबू. ते ऐकेनात. काचेवर हात आपटला, तो गादीवर आपटल्यासारखा. ते संगणकाच्या पडद्याकडे बघत बसलेले. वीस मिनिटांनी सहज त्यांची मान वळली, तेव्हा दार उघडलं. म्हणाले, तू ‘झालं’ म्हणाली नाहीस.

म्हणाले होते. सात वेळा.

नंतर हट्टाने वजाबाकी ऐकली. मी सात वेळा म्हणाले त्या जागी माझा आवाज नाही. दोन्ही माइक सारखे झाले की मी वजा होणारच, ते माझ्याही डोक्यात शिरतं. पण तिथे दुसरी बाई आहे. अगदी हळू, यादीत नसलेलं वाक्य.

“झालं. दार उघडा.”

पुन्हा पुन्हा तेच. शेवटी ती रडते.

१८ तारीख, मंगळवार

बॅग भरली. मग चिठ्ठी लिहून मास्तरांपुढे धरली, कारण आता समोरासमोरही त्यांना मी नीट ऐकू येत नाही. लिहिलं की बहुरूप्याचं हे सोंग पुसून टाका, ती मुलगी गेलेली नाही, आणि माझा आवाज जातोय. त्यांनी दोनदा वाचली. वाईट माणूस नाही तो. डोळ्यांत काळजी दिसली. मला खोकल्याचं औषध आणून दिलं. म्हणाले, घसा बसला असेल, उद्या एकदा मोजून बघू. खरंच आवाज गेला असेल तर आकड्यात दिसेल, मग मी स्वतः पुसतो.

मोजायचं साधन त्यांच्याकडे एकच आहे. आणि घरी जाऊन वहिनीच्या बाळाशी मी काय मुक्याने बोलू? आवाज इथे ठेवून जाणं मला शक्य नाही. उद्या एकदा. अट घातलीय की हेडफोनमध्ये वजाबाकी नको, नुसता माझा आवाज घ्या. ते हो म्हणाले.

१९ तारीख, बुधवार

पेटीतून लिहितेय. एक मिनिट गप्प बसले. मग शंभर वाक्यं वाचली, स्पष्ट, खणखणीत. झालं म्हणाले.

काचेतून दिसतंय. त्यांनी वायर बदललेली नाही. सवयीने राहून गेली. ते संगणकाच्या पडद्याकडे बघून हसतायत, हात जोडून, लहान मुलासारखे. शून्य आलं असावं.

झालं. झालं. दार —

मिनिटभराने त्यांनी हेडफोन काढले, मान वळवली, काचेत पाहिलं. हसू गेलं. खटका ओढला. दार उघडलं. ते स्टुलाकडे बघतायत, माझ्याकडे — नाही, स्टुलाकडे. मी उठले, त्यांच्या बगलेतून बाहेर पडले —

बाहेर गाद्या. स्टूल. हातभर काच. मी पुन्हा आत.

काचेपलीकडे ते अक्कांना हाका मारतायत. अक्का आल्या, इकडेतिकडे पाहिलं. ओठांवरून कळलं. हीसुद्धा गेली म्हणतायत. चपला ठेवून.

तारीख —

भूक लागत नाही. याचीच सगळ्यात भीती वाटते.

फोन बाहेर टेबलावर पडलाय. मघापासून थरथरतोय. थांबतो, पुन्हा थरथरतो. बावीस असेल आज. दादा, मी आहे रे. मी इथेच आहे. मुलगा की मुलगी, तेवढं तरी —

फोन बंद पडला.

तारीख —

एकटी नाही. गप्प बसलं की शेजारी श्वास येतो, लवकर, भित्रा. मी तिला म्हणाले, आपण दोघी मिळून ओरडू. तिने माझा हात धरला. थंड होता, पण हात होता.

तारीख —

नवी मुलगी आली. काचेतून दिसली. हसरी, लांब वेणी. चपला काढून ठेवल्या. मास्तर तिला समजावतायत. आता ते पेटीचं दार उघडून उभे राहिले, तेव्हा ऐकू आलं — आधीच्या दोघींच्या आवाजावर शून्य आलंय, पण दोनावर जमलं म्हणजे जमलं असं होत नाही —

ती आत आली. स्टुलावर बसली. मी उठले नव्हते.

खटका लागला.

तारीख —

तिला सांगायला एकच जागा आहे. तिच्या वाक्यांच्या आधी, जिथे श्वास असतो तिथे. यादीवर मी पेन्सिलीने खुणा केल्यात, प्रत्येक ओळीवर, जोर देऊन. दोघींनी मिळून म्हटलं. जा. पळ. आत्ता.

तिने वजाबाकी ऐकली. थांबली. पुन्हा ऐकली. देवा, तिला ऐकू आलं. मास्तरांकडे वळून म्हणाली, ओठांवरून कळलं, की मागे कोणीतरी —

मास्तर म्हणाले, खरखर आहे ती, दोन दिवसांत दुरुस्त —

ती हसली. पुन्हा आत येतेय. नको, बाई, दार लावू नको, दार —