दक्षिणेकडे पाय

सोलापूर,
वैशाखातली दुपार (सावलीतसुद्धा बेचाळीस)

चि. महादेवप्पा यांस,

दाजींचा घामेजलेला आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे अजून कुणी वितळलेलं नाही. तिकडे तुमचं नाक-कान जागच्या जागी असतील अशी आशा करतो.

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घ्या. पृथ्वीच्या पार बुडाशी जाऊन जनरेटर दुरुस्त करण्याची हौस तुमची. पण त्यापायी माझ्या अंगावरचा वारा गेला. माझी खाट ऐन उन्हाळ्यात पंख्यापासून तोडून पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला लावण्यात आली आहे, आणि पंख्याची वायर तिथवर पोचत नाही. (पंखा कुठला, ते तूर्त विचारू नका.)

दोष थोडा माझाही. तुम्ही गेल्यापासून तुमच्या मातोश्री निंगव्वा आमच्याकडे आहेत. एके दिवशी अव्वांनी विचारलं, "माजा मादेव नेमका हाय तरी कुटं?" झालं. आमच्या पायलचा शाळेचा पृथ्वीगोल उलटा धरून मी ज्ञान पाजळलं. हे सगळं पांढरं म्हणजे बर्फ, दोन-दोन किलोमीटर जाड. तरी मुलूख वाळवंटीच, पाऊस आपल्या सोलापूरपेक्षाही कमी. जगातलं बहुतेक गोडं पाणी तिथंच साठलेलं, पण घोटभर हवं तर आधी वितळवा. (यात अव्वांना काही नवल वाटलं नाही. भरलेलं धरण आणि कोरडा नळ हे आपल्याला पाठ आहे.) इथं थांबलो असतो तर आज वाऱ्यात असतो. पण मी पुढं म्हणालो की महादेव अगदी दक्षिणेला आहे.

दक्षिण! अव्वांचा चेहराच उतरला. यमाची दिशा ती. लगेच हुकूम सुटला: घरात कुणी दक्षिणेकडे पाय करायचे नाहीत. आधी तिकडे नुसता यम होता, आता आपला महादेव आहे, त्याला पाय लागतील. उत्तरेला देवघर. म्हणून घरातल्या सगळ्या खाटा आडव्या फिरल्या आणि माझी भिंतीला गेली. तेही सोसलं असतं. पण मग त्यांना तुमच्या झोपण्याची काळजी लागली. तुम्ही दक्षिणेला पाय केले तर यम, उत्तरेला केले तर आई, आणि तिकडे तुमची खाट आडवी फिरवायला घरचं कुणी नाही! या पेचातून वाट सापडेना, तेव्हा अव्वांनी आडवं होणंच सोडलं. भिंतीला टेकून बसायच्या, डोळा लागला की मान कलंडायची. "त्यो कसा निजतोय ते कळल्याबिगर मी पाठ टेकायची न्हाय." तुम्हाला फोन लावला तर तिकडे वादळ. तुमची बहीण विजयमाला मला म्हणाली, "तुमीच पाजळलं, आता तुमीच विझवा."

शेवटी पुन्हा गोल काढला. अव्वांचं बोट धरून बरोबर ध्रुवावर ठेवलं आणि म्हटलं, आता इथून कुठंही सरकवा. जाल ती उत्तर. इथं दुसरी दिशाच नाही. दक्षिण नाही, म्हणून यमही नाही.

"मंग त्याचं पाय माज्याकडंच की," अव्वा म्हणाल्या. खाट कायमची गेली असं मी मनाशी धरलं. त्यांनी मात्र बोट पुन्हा ध्रुवावर नेलं, एकदा इकडं सरकवलं, एकदा तिकडं, सगळ्या बाजूंनी सावकाश.

"आन् तोंडबी. कुटंबी तोंड केलं तरी माज्याकडंच. व्हय न्हवं?"

मी व्हय म्हणालो. अव्वांनी माझ्या जुन्या जागी सतरंजी टाकली, आडव्या झाल्या, आणि चहाच्या वेळेलासुद्धा उठल्या नाहीत.

पत्राचा फोटो काढून पाठवतोय. टपालात टाकलं तर पुढच्या जहाजाशिवाय पोचायचं नाही. बर्फावर जपून चाला.

तुमचा दाजी,
सिद्धलिंगप्पा

ता. क. तुमचा तळ किनाऱ्याकडे आहे, ध्रुव तिथून आणखी दोनेक हजार किलोमीटर आत, आणि तुमच्याकडे चारही दिशा शाबूत आहेत, हे मला ठाऊक आहे. अव्वांना ते कळता कामा नये. फोनवर बोललो तर त्या ऐकतात, म्हणून हा पत्रप्रपंच. वादळ ओसरलं की आधी त्यांना फोन करा, आणि विचारलंच तर ध्रुवावर आहे म्हणा.

आणखी एक ता. क. विजयमालाच्या बाळंतपणात तुमच्याकडून चार दिवसांसाठी नेलेला टेबलफॅन (पायल आता सातवीत आहे) आज पोचता केला. अव्वांच्या उशाशी लावलाय. मान फिरत नाही, पण वारा चांगला लागतो.